शून्य रिपोर्टवर आययूआय कशाचं करणार?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला पाच वर्षं झाली, नवऱ्याच्या तपासणीत शुक्रजंतू शून्य आले, तुमच्याकडच्या डॉक्टरांनी आययूआय सुचवलंय. सुईनं शुक्रजंतू काढता येतात असं तुम्ही ऐकलंय, तर ते काढून आययूआयला वापरता येतील का? आणि सासूबाईंना काय सांगायचं?

मी डॉक्टर नाही, सांगलीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. पण या वाटेनं गेलोय, म्हणून लिहितो.

वापरता येत नाहीत. आययूआयला लाखोंच्या संख्येनं पळणारे शुक्रजंतू लागतात. वीर्य धुऊन त्यातले चपळ तेवढे वेगळे काढतात आणि अर्ध्या मिलीच्या आसपास द्रव बारीक नळीनं गर्भपिशवीत सोडतात. पुढं बीजापर्यंत त्यांनी स्वतः पोहत जायचं असतं. सुईनं निघतात ते बहुतेक वेळा मोजके, आणि थेट वृषणातून काढलेल्यांना तर नीट पोहताही येत नाही. वृषणाच्या पाठीवर साधारण सहा मीटर लांबीची एक नळी वेटोळं करून बसलेली असते, तिच्यातून पुढं सरकताना ते पोहायला शिकतात. म्हणून सुईनं काढलेल्यांसाठी इक्सी करतात: एका स्त्रीबीजात एकच शुक्रजंतू काचेच्या सुईनं आत सोडायचा. या पद्धतीनं झालेली पहिली बाळं १९९२ मधली, ब्रुसेल्सच्या डॉक्टरांच्या हातची. त्याआधी आमच्यासारख्यांना जवळजवळ दाता हाच रस्ता होता.

आता मला तुमच्याच प्रश्नातली एक गोष्ट खटकली. शुक्रजंतू शून्य असताना आययूआय करणार म्हणजे ते कशाचं करणार? त्याचा अर्थ एकच निघतो, दात्याचं वीर्य. हे तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंय का? नसेल तर उद्याच जाऊन विचारा. दात्याचं घेण्यात काही कमीपणा नाही, माझ्या ओळखीत तसं घर आहे आणि पोरगं अगदी बापासारखं चालतं. पण २०२१ च्या कायद्यानुसार दोघांची लेखी संमती लागते, वीर्य नोंदणी असलेल्या बँकेतूनच यावं लागतं आणि ज्या केंद्रात करणार त्याचीही नोंदणी लागते. ‘दिराचं घेऊ, घरचंच रक्त’ असं कुणी सुचवलं तर ते चालत नाही. आणि न सांगता परस्पर कुणी करत असेल तर तिथून उठून या.

माझं सांगतो. आमच्यात पहिली दोन वर्षं फक्त बायकोच्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, दुर्बीण, नळ्या उघड्या आहेत का ते, सगळं. एका दवाखान्यात तर बीज फुटायच्या गोळ्या सहा महिने चालल्या आणि माझी साधी डबीसुद्धा कुणी मागितली नाही. मीही आपणहून दिली नाही, हे खरं. शेवटी दिली तेव्हा लॅबचा संडास, आतली कडी लागत नाही, डबी ठेवायला पालथी बादली आणि दाराबाहेर एक जण फोनवर उसाच्या बिलावरून कारखान्याला शिव्या घालतोय. रिपोर्ट आला: शुक्रजंतू निल, व्हॉल्यूम ०.६ मिली. मला वाटलं थोडं सांडलं म्हणून कमी भरलं असेल, आणि लाजेनं ते कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी नीट दिलं तरी तेवढंच.

त्या ०.६ मध्येच सगळं उत्तर होतं. पण ते पाहायला मिरजेतले एक वयस्कर युरॉलॉजिस्ट भेटावे लागले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, पडद्यामागं नेलं, दोन मिनिटं बोटांनी तपासलं आणि म्हणाले, “नसबंदीत जी नळी कापतात ना, ती तुमच्याकडं जन्मापासून नाहीच. दोन्ही बाजूंना नाही.” कारखाना व्यवस्थित चालू, मालही तयार, फक्त बाहेर यायला रस्ता नाही. पुरुषपण, इच्छा, दाढी-मिशी सगळं जागेवर असतं, त्यामुळं शंकाही येत नाही. वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा मुळातच अगदी थोडा, बाकी सगळा ग्रंथींचा द्रव. माझ्यात त्या ग्रंथींचाही घोटाळा होता, म्हणून व्हॉल्यूम कमी आणि फ्रुक्टोज, म्हणजे त्या ग्रंथींतून येणारी साखर, निगेटिव्ह.

म्हणून आधी शून्य का, ते शोधा. नवऱ्याचा रिपोर्ट काढून व्हॉल्यूम बघा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या पुस्तकात १.४ मिली ही खालची मर्यादा धरलीय. आधीचे दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून दुसरा नमुना द्या आणि तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळ तपासायला सांगा, कधी कधी तिथं चार-दोन सापडतात. एकाच रिपोर्टवर शून्य मानू नका. मग रक्तातली एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स तपासा. एफएसएच खूप वाढलेलं आणि वृषण लहान असेल तर बिघाड कारखान्यातच आहे असं डॉक्टर धरतात. मग गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्रातले तुटलेले तुकडे तपासतात. ही तपासणी सुईच्या आधी करा, कारण त्यातले काही तुकडे पूर्ण गेले असतील तर कितीही शोधलं तरी काही मिळत नाही. नाहक चिरफाड आणि पैसे वाचतात. बाकीच्यांमध्ये मायक्रोस्कोपखाली वृषण उघडून शोधायची मायक्रो-टेसे करतात, पण तिथंही मिळतीलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

मोठेपणी गालगुंड झाले होते का, लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, हेही सांगा. आणि नवरा जिमला जात असेल तर इंजेक्शनं घेतो का ते स्पष्ट विचारा. दंड फुगवायला टेस्टोस्टेरॉन टोचलं की आतलं उत्पादन बंद पडतं. माझ्या दुकानासमोरच्या जिममधल्या एका पोराचं हेच निघालं. बंद केल्यावर बऱ्याच जणांचं परत सुरू होतं, पण महिने जातात. शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात. आमची तासगावकडं द्राक्षबाग आहे, तिथं एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड धरतो आणि दिसतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. तसंच आहे हे. आजच्या डबीत तीन महिन्यांपूर्वीची मशागत दिसते. मध्ये मोठा ताप येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

माझ्यासारख्यात आधी जनुकांची तपासणी लागते, बायकोचीही. ही नळी नसण्यामागं बऱ्याचदा सीएफटीआर नावाच्या जनुकातला बदल असतो आणि तो दोघांतही निघाला तर मुलाला फुफ्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो. माझ्या किडन्यांचीही सोनोग्राफी केली, कारण अशांत कधी कधी एकच किडनी असते. माझ्या दोन्ही निघाल्या.

पेसा, म्हणजे त्या वेटोळ्या नळीत सुई घालून काढायचं, ते जुलै २०१९ मध्ये पुण्यात झालं. जागेवरच भूल दिलेली, त्यामुळं ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. डॉक्टर थेंब काढून बशीत सोडायचे आणि शेजारच्या खोलीतल्या मॅडम मायक्रोस्कोपमधून बघायच्या. दोनदा “नाही” असं ऐकू आलं. तिसऱ्यांदा “आहेत सर, हलतायत.” एवढं चांगलं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. ते गोठवून ठेवले, कारण पुढच्या महिन्यात इक्सी करायची होती. पुढच्या महिन्यात कृष्णेचा महापूर आला, दुकानात छातीएवढं पाणी आणि इक्सीचे पैसे वायर-मोटारींबरोबर गेले. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ते वाट बघत बसले. फेब्रुवारी २०२० मध्ये इक्सी झाली, पहिला गर्भ टिकला नाही. मग लॉकडाऊन. गोठवलेला दुसरा गर्भ जानेवारी २०२१ मध्ये सोडला आणि ऑक्टोबर छाटणी चालू असताना मुलगी झाली.

एक सांगायचं राहिलं. बिघाड माझ्यात होता, पण दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली तिनं, बीजं काढायला भूल घेतली तिनं. माझं काम अर्ध्या तासाचं. तुमच्या घरीही असंच होणार, तेव्हा नवऱ्याला हे आधीच समजू द्या.

सासूबाईंना तुम्ही काही सांगू नका, ते नवऱ्याचं काम आहे. मी आईला सांगायला तीन आठवडे घेतले. ती भाकरी थापत होती. “दोष हिच्यात नाही, माझ्यात आहे” म्हटलं, तर हात थांबले, पण बोलली काहीच नाही. संध्याकाळी बायकोच्या दंडावरचा गंडा तिनंच विळीवर कापला, जो तिनंच कुठल्याशा देवऋषाकडून आणून बांधला होता. मग मला विचारलं, “आणि तुला तपासायला दोन वर्षं का लागली?”

रिपोर्टवरचा व्हॉल्यूम आणि एफएसएचचा आकडा मिळाला की इथंच खाली लिहा. आधी कुठल्या डॉक्टरांकडं जायचं, ते त्यावरून बघू.