ऊसाच्या फडात कॅमेरा नेण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांवर लघुपट करण्याचे तू ठरवले आहेस आणि त्यातून त्यांच्या आयुष्यात काही फरक पडावा अशी तुझी मनापासूनची इच्छा आहे, हे वाचून फार बरे वाटले. सोबत पाठवलेला आराखडा मी लक्षपूर्वक वाचला. त्यात वेदना पुरेपूर आहे, परंतु ती कोणत्या व्यवहारातून निर्माण होते ते मात्र कुठेच दिसत नाही, आणि माझे सारे सांगणे या एका उणिवेविषयीच आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, ही बातमी २०१९ मध्ये देशभर पोहोचली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस पाठवली, विधान परिषदेत प्रश्न आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे समोर आले. कोणीतरी त्या बायकांचे म्हणणे ऐकून घेतले आणि नीट मांडले, म्हणून एवढे घडले. पण त्याच काळात ‘गर्भाशय नसलेल्या बायकांची गावे’ अशा धाटणीचे मथळेही सर्वत्र फिरले. असा मथळा वाचून माणूस हळहळतो, डॉक्टर लोभी आणि बायका अडाणी असा निष्कर्ष काढतो आणि मोकळा होतो. खासगी रुग्णालयांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करू नये, असा नियम पुढे आला. तो हवाच होता. परंतु धडधाकट वयातली बाई पिशवी काढून घ्यायला तयार का होते, या प्रश्नाला तो हात घालत नाही.

त्याचे उत्तर मुकादमाच्या, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत सापडते. हंगामाआधी नवरा-बायकोची जोडी मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेते. या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात, हिशोब दोघांचा एकत्र होतो आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या नावावर असतो. मजुरी टनावर मिळते, आणि ज्या दिवशी दोघांपैकी एकजण जरी कामावर आला नाही तरी त्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची रक्कम, कापला जातो. कोपीपाशी, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीपाशी, संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचे, आणि पाळी चालू असतानाही पहाटेच्या अंधारात उठून स्वयंपाक उरकून फडात जायचे. तोडलेल्या ऊसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईचे पाय जवळून पाहा, म्हणजे अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी कुठून येतात ते कोणी समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. अशा स्थितीत, पिशवी काढली की कटकट कायमची जाईल, असे डॉक्टरने सांगितले तर ती जो विचार करते तो खाडा आणि उचल यांच्या हिशोबात अगदी चोख बसतो. तिच्या निर्णयामागचे हे गणित प्रेक्षकाला कळले पाहिजे. म्हणून माझे म्हणणे असे, की एकाच जोडीची उचल घेतल्यापासून हंगाम संपेपर्यंतची गोष्ट सांग आणि तिचा कणा हिशोबाचा ठेव: किती घेतले, किती टन तोडले, किती खाडे पडले, किती फिटले आणि पुढच्या वर्षावर किती गेले. अश्रू आपोआप येतील. त्यांच्यासाठी वेगळे पार्श्वसंगीत लावू नकोस.

दुःखासोबत त्याचा हिशोबही मांडण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते आणि त्यांना थंडी-पावसाचे हाल सोसावे लागतात, हे ती लिहिते. पण तेथे न थांबता हे कोणाच्या राज्यात, कोणत्या धर्माच्या नावाखाली घडले, याचा जाब ती त्याच निबंधात विचारते. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो निबंध आपल्याला अस्वस्थ करतो, तो हाल आणि जाब तिने एकत्र ठेवले म्हणून, असे मला वाटते.

गोष्ट कोणापुढे सांगायची, याचाही विचार चित्रीकरणाआधीच कर. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी करोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीत त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडताना पाहिल्या आणि आपल्या पश्चात आपल्या पत्नीवर ही वेळ येऊ नये असे प्रतिज्ञापत्र केले. त्यांनी हा विषय गावागावांत नेला. शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवण्यास सांगितले. ठरावाने रूढी एका दिवसात जात नाही, हे खरेच आहे. तरीही हात वर करून मत देता येईल अशा सभेपुढे ती गोष्ट गेली, हे मला फार मोलाचे वाटते. तुझ्या लघुपटासाठी अशी जागा कोणती? साखर आयुक्तालय, कारखान्याची वार्षिक सभा, ऊसतोड कामगारांसाठी असलेले गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ, की ज्या गावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात तिथली ग्रामसभा? प्रत्येक ठिकाणी मागणी निराळी असेल, आणि मागणी ठरली की कोणते दृश्य ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हेही ठरेल.

संमतीबाबत मी कठोर आहे. फडात, मुकादम जवळ उभा असताना मिळालेला होकार धरू नकोस. जी बाई कॅमेऱ्यासमोर खाड्याविषयी बोलेल, तिच्या जोडीला पुढच्या वर्षी उचल नाकारली जाऊ शकते, हे तिला आधी स्पष्ट शब्दांत सांग आणि तिच्या घरच्यांशी विचार करायला तिला वेळ दे. चेहरा झाकायचा की आवाज बदलायचा, हे तिने ठरवावे. शस्त्रक्रियेविषयी तिला बोलायचे नसेल तर तो विषय सोडून दे. टनाचा भाव आणि पाण्याची सोय यांवर ती जे बोलेल त्यातही तेच सत्य येईल. संकलन झाल्यावर पहिला खेळ तिच्या गावात, तिच्या टोळीतल्या बायकांसमोर कर आणि त्या जे काढायला सांगतील ते वाद न घालता काढून टाक.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. त्याआधीचे काही आठवडे कॅमेरा न नेता तिथे जाऊन राहा, मुकादमाशीही बोल, कारण तोही कारखान्याकडून आगाऊ रक्कम घेऊन अडकलेला असतो आणि त्याची बाजू वगळलीस तर हिशोब अर्धाच राहील. परतल्यावर नवा आराखडा मला पाठव.

तुझी शुभचिंतक