वाचकांचे प्रश्न : दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक खेळता खेळता का बंद पडतो?

प्रश्न : माझ्या गेमिंग संगणकात इंटेल कोअर आय-७ ८७००के हा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ७५० वॉटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि एसएलआय पद्धतीने (दोन कार्डांकडून एकच खेळ चालवून घेणारी एनव्हिडियाची सोय) जोडलेली जीटीएक्स १०८० टीआय ही दोन ग्राफिक्स कार्डे आहेत. डिसेंबरमध्ये मी प्रोसेसर १.३८ व्होल्टवर ५ गिगाहर्ट्झपर्यंत ओव्हरक्लॉक केला (ठरलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालवला), एक्सएमपी (रॅमला डब्यावरचा वाढीव वेग लावणारी मांडणी) चालू करून रॅम ३२०० वर नेली आणि दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट (वीज घेण्याची मर्यादा) १२० टक्के करून त्यांचाही वेग वाढवला. मार्चपर्यंत काही तक्रार नव्हती. एप्रिलपासून मात्र खेळ सुरू करून वीस-पंचवीस मिनिटे झाली की कधी संगणक क्षणात बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो, तर कधी पडदा काळा होऊन फक्त खेळ बंद पडतो आणि डिस्प्ले ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) पूर्ववत झाल्याची सूचना येते. संगणक बंद झाला की विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडते. विंडोज नव्याने टाकून पाहिले, उपयोग झाला नाही. दुकानदार मदरबोर्ड बदलायला सांगत आहेत. काय करावे?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मदरबोर्ड तूर्त बदलू नका. आपण ज्याला एक बिघाड समजत आहात ते बहुधा दोन निरनिराळे बिघाड आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी उपटल्यामुळे कोणताही एक उपाय पुरा पडत नाही. संगणक कोणतीही सूचना न देता क्षणात बंद होणे हे बहुतेक वेळा वीजपुरवठ्याच्या बाजूचे लक्षण असते. ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहणे हे मात्र ग्राफिक्स कार्ड वाढवलेल्या वेगावर गडबडल्याचे लक्षण असते. कार्डाने ठरावीक वेळेत, म्हणजे मूळ मांडणीनुसार २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. ही मुदत विंडोजच्या रजिस्ट्रीत (अंतर्गत मांडणीच्या नोंदींत) वाढवून घेण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. त्याने सूचना येणे थांबेल, कार्ड मात्र तसेच गडबडत राहील. ‘४१’ या नोंदीवरूनही निष्कर्ष काढू नये. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते. तो कशामुळे बंद झाला याचा तिच्यात पत्ता नसतो.

प्रथम विजेचा हिशेब पाहू. या कार्डाची नेहमीची मर्यादा २५० वॉट आहे. ती १२० टक्के केली की एकेक कार्ड ३०० वॉटपर्यंत जाते, म्हणजे दोहोंचे ६०० वॉट झाले. प्रोसेसरवर ९५ वॉट असे छापलेले असले तरी तो आकडा मूळ वेगासाठीचा असतो. ५ गिगाहर्ट्झ आणि १.३८ व्होल्टवर पूर्ण भार आला तर तो १५० वॉटच्याही पुढे जातो. पंखे, पंप, डिस्क, मदरबोर्ड आणि रॅम यांचे आणखी पन्नासेक वॉट धरले, तर सगळे एकदम जोरात चालू लागताच आपला ७५० वॉटचा एसएमपीएस आपली मर्यादा ओलांडतो. शिवाय ग्राफिक्स कार्डे वीज एकसारखी घेत नाहीत. काही मिलिसेकंदांपुरती त्यांची मागणी सरासरीच्या कितीतरी वर जाते, आणि दोन्ही कार्डांची उसळी एकाच क्षणी आली की एसएमपीएसमधील संरक्षक व्यवस्था पुरवठा तोडते. ती आपले काम चोख करत आहे, असेच म्हणावे लागेल. डब्यावर ८० प्लस गोल्ड लिहिलेले असले तरी ते प्रमाणपत्र विजेची नासाडी किती कमी होते याचे आहे. अशा उसळ्या सोसण्याच्या क्षमतेचे नाही.

हे तपासायला एक पैसाही लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाची मांडणी बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट ७० टक्के करा. म्हणजे प्रत्येकी १७५ वॉट. बाकी काहीही न बदलता तोच खेळ त्याच वेळेला खेळा. संगणक क्षणात बंद होण्याचा प्रकार थांबला, तर दोष वीजपुरवठ्यात आहे असे जवळजवळ नक्की समजावे. मग कॅबिनेट उघडून केबली पाहा. या कार्डाला एक आठ पिनांची आणि एक सहा पिनांची जोडणी लागते, आणि पुष्कळदा जोडणारा एकाच केबलच्या दोन तोंडांनी दोन्ही भरून टाकतो. प्रत्येक जोडणीला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल असावी, म्हणजे आपल्याकडे चार केबली हव्यात. तेवढ्या केबली एसएमपीएसला नसतील, तर तो दोन कार्डांच्या कामाचा नाही हे त्यावरूनच कळते. अशा जोडीला चांगल्या प्रतीचा १००० वॉटचा एसएमपीएस घ्यावा.

आता दुसरा बिघाड. डिसेंबरात जमलेला ओव्हरक्लॉक मे महिन्यात टिकेलच असे नाही, ही गोष्ट ओव्हरक्लॉक करणारे हौशी लोक हमखास विसरतात. खोलीतील हवा जितके अंश तापते साधारण तितकेच अंश आतील भागही तापतात, कारण पंखा खोलीतील हवाच आत फेकत असतो. थंडीत खोली २२ अंशांवर असेल आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती ३८ अंशांवर गेली असेल, तर डिसेंबरात ७५ अंशांवर चाललेले कार्ड आता नव्वदीच्या घरात पोचू पाहते. या कार्डाची कमाल मर्यादा ९१ अंश आहे. त्याच्या बरेच आधी ते स्वतःचा वेग पायरीपायरीने कमी करू लागते. तापलेल्या कार्डाला तोच वाढीव वेग पेलायला अधिक व्होल्टेज लागते, आणि थंड असताना पुरलेले व्होल्टेज अपुरे पडते. आपल्याकडे खेळ वीस-पंचवीस मिनिटांनी पडतो, त्यावरून उष्णतेचा संशय पक्का होतो. खेळ सुरू होताच पहिल्या दोन मिनिटांत तो पडत असता तर मी उलट सांगितले असते, कारण हे कार्ड थंड असतानाच सर्वांत उंच वेगावर जाते.

दोन कार्डांच्या जोडीत वरच्या कार्डाची अवस्था नेहमीच वाईट असते. खालच्या कार्डाने गरम केलेली हवाच त्याच्या पंख्यांना मिळते. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही कार्डांचे तापमान वेगवेगळे पाहा. वरचे कार्ड दहा-पंधरा अंशांनी अधिक तापलेले दिसले तर नवल नाही. मदरबोर्डवर जागा असेल तर कार्डांमध्ये एका स्लॉटचे अंतर वाढवा. मात्र दुसऱ्या स्लॉटला किमान आठ लेन (माहितीची ये-जा होणारे मार्ग) मिळतात याची खात्री मदरबोर्डच्या पुस्तिकेत करून घ्या, कारण त्याहून कमी लेनवर एसएलआय चालत नाही. कॅबिनेटच्या समोरच्या जाळीतील धूळ काढा. काही दिवस बाजूचे झाकण काढून समोर साधा टेबल फॅन लावून पाहिला तरी चालेल. दिसायला ते बरे दिसणार नाही, पण त्याने खेळ पडायचा थांबला तर निदान झाले.

आफ्टरबर्नरमधील दोन्ही कार्डांना एकच मांडणी लावणारा पर्याय बंद करावा, असेही सुचवतो. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने आलेल्या दोन चिपांची ताकद सारखी नसते. एक कार्ड वाढीव १२० मेगाहर्ट्झ सहज पेलते, दुसरे ६० लाच गळाठते, आणि जोडीत ती दोन्ही आळीपाळीने फ्रेम (पडद्यावरील एकेक चित्र) काढत असल्यामुळे दुबळे कार्ड अडखळले की सगळा खेळच कोसळतो. म्हणून प्रत्येक कार्डाची मर्यादा ते एकटे असताना शोधावी. एक कार्ड काढून ठेवावे, दुसरे वरच्या स्लॉटमध्ये लावून चाचणी घ्यावी, मग अदलाबदल करावी. बिघाड कार्डाबरोबर फिरला तर दोष कार्डाचा. कार्ड बदलूनही तो त्याच स्लॉटला चिकटून राहिला तरच दुकानदारांचे म्हणणे विचारात घ्यावे.

हे सारे करण्यापूर्वी संगणक एकदा पूर्णपणे मूळ मांडणीवर आणला पाहिजे, आणि त्यात बहुतेकांची चूक होते. ते प्रोसेसरचा वेग खाली आणतात, पण एक्सएमपी तसेच ठेवतात. वास्तविक या प्रोसेसरसाठी रॅमचा अधिकृत वेग २६६६ आहे. ३२०० वर रॅम चालवणे हाही ओव्हरक्लॉकच होय, डब्यावर तो आकडा छापलेला असला तरी. बायोसमधून (मदरबोर्डच्या मूळ मांडणीच्या पडद्यावरून) मूळ मांडणी लावा, एसएलआय बंद करा, ड्रायव्हर डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रामने समूळ काढून नव्याने बसवा, आणि मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवा. त्यात एकही चूक निघाली तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मूळ मांडणीवर संगणक दोन-तीन दिवस भर दुपारी धड चालला, तर एकेक गोष्ट परत वाढवत न्यावी आणि दोन गोष्टी एका दिवशी बदलू नयेत. प्रोसेसरचा वेग वाढवताना इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिआ-लॉगर’च्या (यंत्रातील चुकांच्या) नोंदी पाहत राहावे. क्रमांक १९ ची नोंद म्हणजे प्रोसेसरने चूक केली पण ती तिथल्या तिथे सुधारली गेली. संगणक बंद पडत नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, परंतु व्होल्टेज कमी पडत असल्याची ती आगाऊ सूचना असते. चूक सुधारता आली नाही की मग ०एक्स१२४ क्रमांकाची ब्लू स्क्रीन येते.

माझे मत विचाराल तर ५ गिगाहर्ट्झचा हट्ट सोडावा. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा प्रोसेसर ४.७ गिगाहर्ट्झवर १.२५ व्होल्टच्या आसपास चालत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ आणि १.३८ व्होल्टवर तो सुमारे ३० टक्के अधिक वीज खातो, आणि बदल्यात वेग मिळतो साडेसहा टक्क्यांहून कमी. ४के पडद्यावर खेळताना बहुतेक भार कार्डांवर असल्यामुळे तेवढा फरक डोळ्यांना जाणवतही नाही.

एक शक्यता राहिली. खेळ फक्त एसएलआय चालू असताना आणि तोही एखादाच पडत असेल, तर यंत्रात दोष शोधू नका. या पिढीच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी प्रोफाइल (एकेका खेळासाठीची मांडणी) देणे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून थांबवले आहे. अशा खेळापुरते एसएलआय बंद करणे हाच उपाय.

प्रश्न : माझ्याकडे एक जीटीएक्स १०८० टीआय आहे. त्याच प्रकारचे दुसरे जुने कार्ड स्वस्तात मिळत आहे. दोन्ही मिळून २२ जीबी मेमरी होईल का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नाही. एसएलआयमध्ये दोन्ही कार्डांच्या मेमरीत तोच मजकूर ठेवला जातो, त्यामुळे खेळाला ११ जीबीच मिळते. दुसऱ्या कार्डाबरोबर मोठा एसएमपीएस, जोडणीचा ब्रिज आणि वाढीव उष्णताही घरी येते, आणि नवे खेळ ते कार्ड वापरणारच नाहीत. आहे ते कार्ड विकून येणाऱ्या पैशांत दुसऱ्या कार्डासाठीची रक्कम घालावी आणि एकच नवे कार्ड घ्यावे.

प्रश्न : दोन कार्डांचा माझा संगणक १ केव्हीएच्या यूपीएसवर आहे. टायपिंग करताना वीज गेली तर तो चालू राहतो, पण खेळताना गेली की तत्क्षणी बंद होतो. यूपीएसची बॅटरी नवीन आहे.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बॅटरीचा दोष नाही. केव्हीए आणि किलोवॉट हे एकच नव्हेत. घरगुती १ केव्हीएचा यूपीएस पुष्कळदा ६०० वॉटच देऊ शकतो, आणि खरा आकडा मागच्या पट्टीवर लिहिलेला असतो. आतील भागांना ७०० वॉट लागत असतील तर एसएमपीएस स्वतः भिंतीतून त्याहून जास्त ओढतो, कारण काही वीज त्याच्या आतच उष्णतेत जाते. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढण्याची व्यवस्था) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. पुरेशा वॉटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) यूपीएस घ्यावा. तोपर्यंत खेळताना पॉवर लिमिट इतकी खाली ठेवावी की एकूण भार यूपीएसच्या वॉटच्या आत राहील, आणि वीज जाताच खेळ सेव्ह करून संगणक बंद करावा.