बाळाच्या टबाला चाके लावावीत का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी ठाण्याला आमच्याकडे आली आहे. प्रसूती सिझेरियनने झाली असून बाळ आता पाच आठवड्यांचे आहे. मुलीला खाली बसून उठता येत नाही, म्हणून आम्ही प्लॅस्टिकचा टब बेडरूममधल्या टेबलावर ठेवतो, न्हाणीघरातून बादलीने पाणी आणून तो भरतो आणि अंघोळ झाली की मी व माझे यजमान दोघे मिळून तो भरलेला टब उचलून नेतो. गेल्या आठवड्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याशी टब कलंडला, पॅसेजभर पाणी झाले आणि यजमानांच्या कमरेत उसण भरली. ओळखीचा फॅब्रिकेटर चाकांचा लोखंडी स्टँड करून देतो म्हणतो, म्हणजे टब ढकलत नेता येईल. असा स्टँड करून घ्यावा का? करताना काय पाहावे?
— एक आजी, ठाणे

उत्तर : स्टँड जरूर करून घ्या, मात्र माप देण्याआधी त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे ते ठरवा. चाके रिकामा टब जागेवर आणण्यासाठी आणि काम झाल्यावर बाजूला सारण्यासाठी असावीत; भरलेला टब घरभर फिरवण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये, आणि पाणी टबाच्या बुडातून नळीने सोडावे. आपल्या घरी जे घडले ते वजनामुळे आणि उंबऱ्यामुळे घडले. चाकांमुळे वजनाचा त्रास कमी होईल, पण उंबऱ्याचा उलट वाढेल.

आधी वजनाचा हिशोब पाहू. नेहमीच्या टबाचा तळ साधारण ६० सेंटीमीटर लांब आणि ३५ सेंटीमीटर रुंद धरला, तर ८ सेंटीमीटर खोल पाणी म्हणजे जवळजवळ १७ लिटर, अर्थात १७ किलो होते आणि त्यात टबाचे दोन किलो मिळवावे लागतात. वजन उचलण्यासंबंधी अमेरिकेतील नायोश या संस्थेचे जे सूत्र जगभर वापरले जाते, त्यात सर्व काही अनुकूल असताना २३ किलो ही मर्यादा धरली आहे. पण वजन अंगापासून दूर गेले की ती झपाट्याने उतरते. टब रुंद असल्यामुळे त्याचा मध्य आपल्या घोट्यांपासून ४० सेंटीमीटर तरी पुढे राहतो आणि एवढ्या एका कारणाने मर्यादा १४ किलोंवर येते. त्यातही हे सूत्र स्थिर वजनासाठी आहे, आणि पाणी स्थिर राहत नाही. दोघांपैकी एकाचे पाऊल जरा आधी पडले की सगळे पाणी दुसऱ्याकडे धावते, त्या बाजूचा हात खाली जातो आणि कंबर वाकलेली असतानाच तो धक्का कमरेला बसतो. आपल्या यजमानांच्या बाबतीत असेच झाले असणार. त्यांनी काही आठवडे तरी हे काम पूर्णपणे सोडावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलीने तर टबाला हातही लावू नये. सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात.

म्हणून सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाणीच कमी घ्यावे. पाच आठवड्यांच्या बाळाला ५ सेंटीमीटर खोल पाणी पुरते, म्हणजे १० ते ११ लिटर. खांद्यावर आणि छातीवर तांब्याने कोमट पाणी ओतत राहिले की बाळाला गारवाही लागत नाही.

आता उंबरा. फॅब्रिकेटर बहुधा ५० मिलिमीटर व्यासाची छोटी चाके सुचवील, कारण ती स्वस्त असतात आणि नीटस दिसतात. न्हाणीघराच्या दारातली ग्रॅनाइटची पट्टी दीड सेंटीमीटर उंच असेल, तर एवढे छोटे चाक तिच्यावर चढवण्यासाठी त्या चाकावर जितका भार आहे त्याच्या दुपटीहून अधिक जोराने ओढावे लागते. १०० मिलिमीटरच्या चाकाला साधारण भाराइतकाच जोर पुरतो. आणि हा जोर आपण लावणार टबाच्या कडेला, म्हणजे जमिनीपासून अडीच फुटांवर. चाक खाली अडलेले आणि हात वर ढकलतो आहे, अशा वेळी स्टँड पुढे सरकण्याऐवजी पुढे झुकतो. तोवर टबातले पाणी लाटेसारखे पुढच्या टोकाला आदळते आणि राहिलेले काम पूर्ण करते. पलीकडे न्हाणीघराची जमीन बहुतेक घरांत थोडी खाली असते, त्यामुळे चाक चढले तरी उतरताना दुसरा धक्का बसतो. भरलेल्या स्टँडने उंबरा ओलांडू नये, असे मी म्हणते ते यासाठी.

आपल्या आज्या-पणज्यांच्या पद्धतीत हा प्रश्नच नव्हता, हे येथे आठवते. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसत असे, बाळ तिच्या नडग्यांवर पालथे असे, बंबातले पाणी घंगाळात विसण घालून तांब्यातांब्याने अंगावर पडे आणि तिथून थेट मोरीत जाई. वापरलेले पाणी कोणी उचलत नसे. आजही देशभरातले प्लंबर जमिनीतल्या त्या जाळीखालच्या भागाला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, तो आपल्या न्हाणीचाच शब्द आहे. टब आल्यावर पाणी साठू लागले आणि ते वाहून नेण्याचे काम नव्याने निर्माण झाले. तेव्हा टब ठेवावा, पण पाण्याची जुनी वाट त्याला परत जोडून द्यावी.

ती अशी जोडता येते. टब घेताना तळाला बूच असलेला घ्यावा. बूच बाहेरून उघडणारे असेल तर उत्तम, कारण आतून ओढायच्या बुचासाठी साबणाच्या पाण्यात हात घालून चाचपडावे लागते. त्या भोकाला तोटी बसवून २० मिलिमीटर आतील व्यासाची गुळगुळीत नळी जोडावी. वॉशिंग मशीनची वळ्यावळ्यांची नळी चालते, पण तिच्या वळ्यांमध्ये डाळीचे पीठ आणि तेल अडकून आठवड्याभरात वास येऊ लागतो. नळी तोटीवर नुसती दाबून बसवू नये. माझ्या नातीच्या वेळी आम्ही तेच केले होते. तेलकट हातांनी बसवलेली नळी तिसऱ्या दिवशी सुटली आणि टबभर पाणी पलंगाखालच्या ट्रंकेपर्यंत गेले. दहा-वीस रुपयांची स्टीलची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने आवळली असती तर ते टळले असते. नळीचे दुसरे टोक न्हाणीच्या जाळीवर ठेवून त्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा, नाहीतर पाण्याच्या जोराने नळी उसळून बाहेर येते. टबाचा तळ जमिनीपासून ६० सेंटीमीटर उंच असल्यामुळे पाण्याला उतार भरपूर मिळतो. मधे दोन सेंटीमीटरची पट्टी आली तरी नळीतले पाणी अडत नाही आणि दोन-तीन मिनिटांत टब रिकामा होतो. म्हणजे स्टँड बेडरूममध्ये नेण्याची गरज नाही, आणि न्हाणीघर लहान असले तर आत नेण्याचीही नाही. तो न्हाणीघराच्या दाराबाहेर कोरड्या जमिनीवर उभा करावा, नळी तेवढी आत सोडावी.

भरण्यासाठीही बादली नको. न्हाणीघरातल्या नळाला दुसरी नळी लावून आधी गार आणि मग गरम पाणी सोडावे. हा क्रम कधीही उलटा करू नये. गीझरमधले पाणी ६० अंश सेल्सिअस असू शकते आणि त्या तापमानाला मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते, बाळाची त्याहून लवकर. टबातले पाणी ३७ ते ३८ अंश असावे, आणि थर्मामीटर नसेल तर ढवळून कोपराने पाहावे, कारण रोज गरम भांडी हाताळणाऱ्या बोटांना खरा अंदाज येत नाही. नळी चालू असताना बाळ टबात नसावे.

आता स्टँडची मापे. आपली किंवा मुलीची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास असेल तर टबाची कड जमिनीपासून ८० ते ८२ सेंटीमीटरवर यावी. त्याहून खाली असेल तर पाठ वाकते आणि वर असेल तर खांदे उचलावे लागतात. खालच्या चौकटीची रुंदी टबापेक्षा जास्त हवी. टब ४५ सेंटीमीटर रुंद असेल तर चाके ज्या उभ्या खिळ्यांवर वळतात त्यांच्यामधले अंतर ६० सेंटीमीटर ठेवावे आणि त्याआधी दाराच्या चौकटीतली मोकळी जागा मोजून घ्यावी. फिरती चाके आतल्या बाजूला वळली की प्रत्येक बाजूचा आधार अडीच सेंटीमीटर आत येतो आणि ६० चे ५५ होतात, ही गोष्ट फॅब्रिकेटर सहसा धरत नाहीत. स्टँड, टब, ११ लिटर पाणी आणि बाळ मिळून २५ किलो धरले, तर ब्रेक लावलेला असताना कडेला आडवे ओढून हा सगळा डोलारा कलंडवायला आठ-साडेआठ किलोंची ओढ पुरते. घरात तीन-चार वर्षांचे दुसरे मूल असेल आणि ते बाळ पाहायला कडेला लोंबकळले, तर एवढी ओढ सहज लागते. अशा घरात मी उंच स्टँड सुचवणार नाही. तिथे न्हाणीघरातच बुटक्या चौरंगावर टब ठेवून मोठ्या माणसाने स्टुलावर बसावे.

चाके १०० मिलिमीटरची आणि पीयूची (पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लॅस्टिकची) घ्या, कारण नायलॉनची चाके ओल्या टाइलवर घसरतात. चारही चाकांना ब्रेक हवेत, आणि ब्रेक असा हवा की चाकाचे फिरणे आणि वळणे दोन्ही थांबेल. दुकानात चाक हातात धरून पायाने खटका दाबल्यासारखा दाबून पाहा, मान हलत असेल तर ते परत करा. लोखंडाऐवजी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील महाग पडते, पण रोजच्या ओलाव्यात रंगवलेल्या लोखंडाचे वेल्डिंगचे जोड सर्वांत आधी गंजतात आणि ते जोड टबाखाली असल्यामुळे कोणाला दिसत नाहीत. टब स्टँडवर नुसता टेकलेला नसावा. त्याच्या कडा चौकटीत बसाव्यात आणि चौकटीला चारही बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटरची उभी पट्टी असावी. तयार झाल्यावर बाळाला ठेवण्याआधी टबात २० लिटर पाणी भरून, ब्रेक लावून, चारही बाजूंनी हाताने रेटून पाहा.

प्रश्न : आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. इथल्या बाथरूमच्या जमिनीला न्हाणीच नाही, आणि बाळाची अंघोळ लाकडी फ्लोरिंगच्या खोलीत होते. चाकांचा स्टँड घेतला तर पाणी शेवटी नेऊन ओतायचे कुठे, हा प्रश्न राहतोच. सासूबाई पुण्याहून आल्या आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात.
— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : आपल्याला चाकांची गरज नाही. आपल्या बाथरूममध्ये मोठा बाथटब असेल तर त्याच्या दोन्ही कडांवर आडवा बसणारा स्टँड जर्मनीत सर्वत्र मिळतो. लहान टब त्यावर ठेवायचा, शेजारच्या शॉवरने भरायचा आणि बूच उघडून छोट्या नळीने खालच्या मोठ्या टबात सोडायचा. उंचीही उभ्याने काम करण्याजोगी मिळते, त्यामुळे सासूबाईंना गुडघे दुमडावे लागणार नाहीत. स्टँड घेताना आपल्या बाथटबच्या कडांमधले अंतर आणि कडांची रुंदी मोजून न्या, कारण गोलसर कडांवर काही स्टँडचे रबरी पाय नीट बसत नाहीत. बाळाचे टब आणि त्यांचे स्टँड यांच्यासाठी युरोपात ईएन १७०७२ हे मानक आहे. वस्तूवर किंवा माहितीपत्रकात तो क्रमांक पाहून घ्यावा. नुसता शॉवर असेल तर टब शॉवरच्या तळावर ठेवून सासूबाईंना न घसरणाऱ्या पायांचे स्टूल द्यावे. लाकडी फ्लोरिंगवर मात्र भरलेला टब कोणत्याही स्टँडवर ठेवू नका. सांध्यांत उतरलेले पाणी फळ्या फुगवते आणि भाड्याच्या घरात तो खर्च आपल्यावर येतो.

प्रश्न : आम्ही विकत आणलेला घडीचा स्टँड चाकांचा आहे. बाळाला टबात ठेवूनच बाथरूममधून खोलीत नेले तर हवेत उघडे पडत नाही, म्हणून आम्ही तसे करतो. ते योग्य आहे का? शिवाय टबाला खाली भोक नाही.
— एक आई, नागपूर

उत्तर : आजपासून तसे करू नका. स्टँड हलत असताना ढकलणाऱ्याचा एकही हात बाळाच्या मानेखाली नसतो, आणि लहान बाळ काही सेंटीमीटर पाण्यातही, कसलाही आवाज न होता, बुडू शकते. घडीच्या स्टँडची कात्रीसारखी खीळ धक्क्याने सुटू शकते, हा आणखी एक धोका आहे. बाळाला गारवा लागू नये असे वाटत असेल तर टबाशेजारीच हाताशी जाड पंचा पसरून ठेवावा, पंखा बंद करावा, बाळाला पाण्यातून थेट पंच्यात घ्यावे आणि कडेवर घेऊन खोलीत जावे. त्यानंतरच कोणीतरी टबाकडे वळावे.

भोक नसलेला टब दीड मीटर लांबीच्या नळीने रिकामा करता येतो. नळी तोंडाने ओढू नका, ते पाणी साबणाचे आणि बहुधा लघवीचेही असते. संपूर्ण नळी टबातल्या पाण्यात बुडवून आतली हवा जाऊ द्या, एका टोकावर अंगठा घट्ट दाबा, ते टोक बाहेर काढून न्हाणीच्या जाळीपर्यंत खाली न्या आणि अंगठा सोडा. दुसरे टोक पाण्याखाली राहील तोवर पाणी आपोआप वाहते. तळाशी उरलेले लिटरभर पाणी मगाने काढावे. नंतर नळीतून स्वच्छ गरम पाणी सोडून ती उभी टांगून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत आतून कोरडी होते.