स्टिक केवढी घ्यावी?

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची आहे, फ्लोअरबॉल शिकणार आहे. घरातली हॉकी स्टिक चालेल का?

उत्तर : नाही. फ्लोअरबॉल हा हॉलमध्ये खेळायचा हॉकीसारखा खेळ. त्याचा चेंडू पोकळ प्लॅस्टिकचा, 26 भोकांचा, जेमतेम 23 ग्रॅमचा. त्यासाठी हलकी दांडी आणि जाळीदार प्लॅस्टिकचं पातं लागतं. स्टिक जमिनीवर उभी धरा. वरचं टोक बेंबीच्या दोन-तीन बोटं वर यावं. मोठ्या भावाची लांब स्टिक देऊ नका. मूल ताठ उभं राहतं, पात्याची एक कड उचलली जाते आणि चेंडू खालून निसटतो. खालचा हात उजवा असेल तर पातं उजव्या बाजूचं घ्या. समोरच्याच्या स्टिकवर मारणं हा फाऊल आहे. नवशिक्यांकडून हा बऱ्याचदा होतो. गोलकीपर मात्र स्टिकविनाच, गुडघ्यांवर खेळतो; त्याला जाळीचं हेल्मेट हवंच.