निक्सच्या शेलमध्ये गेलं की उबुंटूचे नेहमीचे प्रोग्रॅम का बंद पडतात?

उबुंटू २२.०४ वर निक्स-शेल (निक्स या पॅकेज मॅनेजरने तयार केलेलं वेगळं शेल) उघडलं की उबुंटूचंच सीमेक (प्रोग्रॅम बांधायचं साधन) 'जीलिबसी २.३८ (लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी) सापडली नाही' म्हणून बसतं, शेलबाहेर मात्र नीट चालतं, आणि आता निक्स काढून पुन्हा टाकू का, असं तुम्ही विचारलंय. टाकू नका, ते साप सोडून भुई धोपटणं होईल.

आधी हे चालवून बघा: एन्व्ह -यू एलडी_लायब्ररी_पाथ सीमेक. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये नेहमीच्या स्पेलिंगनेच टाका, व्हेरिएबल कॅपिटलमध्ये.) ही कमांड एलडी_लायब्ररी_पाथ, म्हणजे लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल, काढून सीमेक चालवते. चाललं, तर चोर सापडला. शेल.निक्स या तुमच्या शेलच्या फाइलमधल्या शेलहुकमध्ये (शेल उघडताना चालणाऱ्या कमांड्समध्ये) हे व्हेरिएबल एक्स्पोर्ट करणारी ओळ असणार. पिपने (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने) घेतलेल्या नमपाय या पायथन पॅकेजला सी++ ची लायब्ररी सापडेना, म्हणून मीही अशी ओळ कुठूनतरी उचलून चिकटवली होती आणि नंतर दोन दिवस सीमेकला शिव्या घालत बसलो होतो.

होतं असं. निक्सचे प्रोग्रॅम आपल्या लायब्ररींचे पूर्ण पत्ते बायनरीतच, रनपाथमध्ये, घेऊन फिरतात. त्यांना हे व्हेरिएबल लागतच नाही. पण एकदा एक्स्पोर्ट केलं की त्या शेलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम ते वाचतो, आणि लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा) रनपाथच्या आधी तिथे बघतो. उबुंटूचं सीमेक सुरू होतं उबुंटूच्या लोडरने, उबुंटूच्या जीलिबसी २.३५ वर. सी++ ची लायब्ररी मात्र त्याला मिळते निक्सची, जी नव्या जीलिबसीवर बांधलेली आहे. ती २.३८ मागते, आणि तिथेच खेळ खलास.

म्हणून ती ओळ काढा. नमपाय पिपऐवजी निक्सपीकेजीएसमधून, म्हणजे निक्सच्या पॅकेजसंग्रहातून, घ्या. पिपच हवं असेल, तर व्हेरिएबल फक्त पायथनच्या कमांडपुरतं, त्याच ओळीत आधी लिहा. त्या पायथनने पुढे सुरू केलेल्या प्रोग्रॅमांनाही ते मिळेल, तेवढं लक्षात ठेवा.

'निक्स-शेलला --प्युअर लावा' असं कोणीतरी सांगेलच. ते बाहेरून आलेली बहुतेक व्हेरिएबल पुसतं, शेल.निक्सने स्वतः लावलेलं तसंच राहतं. शिवाय निक्सच्या काही आवृत्त्यांत --प्युअर असूनही तुमची बॅशआरसी (बॅश शेलची स्टार्टअप फाइल) वाचली जाते, म्हणजे तिथली घाण पुन्हा आत. गिक्स या निक्ससारख्याच पॅकेज मॅनेजरवाल्यांनी यासाठी गिक्स शेलला --चेक दिलंय: स्टार्टअप फाइल्स कोणती व्हेरिएबल बिघडवतायत ते ते सांगतं. निक्समध्येही असं हवं होतं, असं मला फार वाटतं.

जाता जाता: निक्सच्या एलएसमध्ये (फाइलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) देवनागरी फाइलनावांच्या जागी बॅकस्लॅश आणि आकडे दिसू लागले, तर फॉन्ट बदलत बसू नका. त्याला लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) सापडलेलं नसतं. जीलिबसीलोकेल्स पॅकेज घेऊन लोकेल_आर्काइव्ह हे व्हेरिएबल त्यातल्या लोकेलच्या फाइलकडे वळवा. गिक्सवर हेच काम गिक्स_लोकपाथ करतं.