वजन ७८ किलो, शाकाहारी, जिम नुकतीच लावली आहे. चरबी घटवताना स्नायू वाढवता येतात का?

हो, येतात, आणि नव्याने व्यायाम सुरू केलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला तर सगळ्यात लवकर जमतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ चा प्रयोग यावर फार बोलका आहे. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्याचे सहा दिवस घाम काढणारा व्यायाम करून घेतला. वजनाच्या प्रत्येक किलोमागे २.४ ग्रॅम प्रोटीन खाणाऱ्यांची चरबी सरासरी ४.८ किलो उतरली आणि चरबी सोडून बाकीचं वजन १.२ किलो वाढलं, १.२ ग्रॅमवाल्यांचे स्नायू जेमतेम टिकले.

तुम्हाला इतकं टोक गाठायची गरज नाही. रोज ३००-४०० कॅलरी कमी, आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलायची, आणि किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे साधारण १२५ ग्रॅम प्रोटीन. घोडं अडतं ते इथेच: दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण मिळून १५ ग्रॅमच्या आसपासच भरतात. म्हणून ताटात ही भर हवी:

- ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स: सुमारे २५ ग्रॅम
- १०० ग्रॅम पनीर: सुमारे १८ ग्रॅम
- व्हे प्रोटीनचा (दुधापासून बनलेली प्रोटीन पावडर) एक स्कूप: २०-२५ ग्रॅम

काटा हलला नाही तरी घाबरू नका, दर रविवारी सकाळी उपाशीपोटी बेंबीपाशी टेप लावून बघा. मात्र किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.