क्वार्टर, चकणा आणि बिल: वाचक विचारतात

आम्ही तिघे मित्र महिन्यातून दोनदा मुंबईतल्या एखाद्या परमिट रूममध्ये बसतो आणि त्यावर टिपण लिहितो. पण प्रत्येक टिपणात तेच येतं: ‘माहोल छान, सर्व्हिस बरी, रेट ठीक.’ नेमकं काय टिपावं? (एक वाचक, डोंबिवली)

आधी बार कोणत्या जातीचा आहे ते ठरवा. कुलाब्याचं गोकुळ किंवा पाली नाक्याचं जनता इथे माणूस स्वस्तात, वेळेवर आणि पोट भरून बसायला जातो. त्याच कुलाब्यातल्या मोंडेगारमध्ये तो व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या चित्रांनी सजलेल्या भिंतींखाली बिअर घ्यायला जातो. गोकुळच्या टिपणात ‘सजावट नाही’ म्हणून गुण कापले, तर चूक लिहिणाऱ्याची.

परमिट रूमसाठी खालच्या गोष्टी दर वेळी टिपा.

बसल्यापासून पहिला ग्लास टेबलावर यायला किती मिनिटं लागली ते लिहा. संध्याकाळी सातला आणि रात्री साडेनवानंतर असं दोनदा जा. सातला सगळेच बार चांगले असतात. गर्दीत वेटरचा हात कुठे आखडतो ते नऊनंतरच दिसतं. पहिला बर्फ आपोआप येतो, दुसऱ्यासाठी किती हाका माराव्या लागतात तेही लिहा.

चकणा फुकट काय येतो, किती वेळा भरून मिळतो आणि ताजा आहे का? उकडलेले चणे बोटात दाबून पाहा. कडक आणि चिकट लागले तर दुपारचे आहेत. शेंगदाण्यांना खवट वास आला तर ते उघड्या डब्यात राहिलेत. मसाला पापड मात्र दर वेळी मागवाच. पापड कुरकुरीत राहून वर कांदा-टोमॅटो ओला असेल, तर तो ऑर्डर आल्यावर बनला. मऊ पडला असेल, तर तयार करून ठेवलेला होता. स्वयंपाकघराची सगळ्यात स्वस्त परीक्षा हीच.

बर्फाकडेही बघा. खाण्याजोगा नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचं बंधन महाराष्ट्रात 2018 पासून आहे. निळसर तुकडा दिसला तर ग्लास परत पाठवा आणि टिपणात पहिल्या ओळीत लिहा.

बाटलीचं सील टेबलावर, तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. क्वार्टर, म्हणजे छोटी सीलबंद बाटलीच मागवण्याच्या पद्धतीचा हाच मोठा फायदा आहे. पेग मागितलात तर ओतताना माप वापरलं का ते पाहा: 30 आणि 60 मिलीचं, पडताळणीचा शिक्का असलेलं. ‘हाताचा अंदाज’ कधी तुमच्या बाजूने जातो, पण गर्दीत क्वचितच. महाग ब्रँडची अर्धी रिकामी बाटली काउंटरवरून आली आणि चव ओळखीची वाटली नाही, तर ‘भेसळ’ असं लिहू नका. जिभेवर ते सिद्ध होत नाही. ‘सील न फोडलेली बाटली मागितली, मिळाली नाही’ एवढंच लिहा. वाचकाला पुरेसं कळतं.

शेवटी संडास. दार लागतं का, पाणी आहे का, साबण आहे का, एवढ्या तीन प्रश्नांचं उत्तर द्या. हे न लिहिलेलं टिपण अर्धं समजावं.

एका बारमध्ये क्वार्टरचा भाव, दुसऱ्यात पेगचा, तिसऱ्यात एसीचा वेगळा. तुलना कशी करायची? आणि बिलावर नक्की कोणते कर लागतात? (वाचक, ठाणे)

सगळं 30 मिलीवर आणा. क्वार्टर 180 मिलीची, म्हणजे सहा छोटे पेग. समजा एके ठिकाणी क्वार्टर 420 रुपयांना आहे, म्हणजे छोटा पेग 70 ला पडला. शेजारी पेग 95 चा असेल तर तिथली ‘क्वार्टर’ 570 ची झाली. पण दोनच पेग घेणाऱ्याला पहिल्या बारमध्ये 420 मोजावे लागतात, दुसऱ्यात 190. म्हणून दोन्ही आकडे द्या. बिअरचा भाव 100 मिलीवर काढा: 650 मिलीची बाटली 320 ला असेल तर सुमारे 49 रुपये, 330 मिलीचा पाइंट 210 ला असेल तर सुमारे 64.

एसी आणि साध्या हॉलची मेन्यू कार्डं वेगळी असतात, म्हणून कोणत्या हॉलचा भाव ते लिहा. सोड्याची बाटली वेगळी लावतात का तेही सांगा. दुकानापेक्षा जास्त भाव लावला म्हणून मात्र तक्रार करू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा हॉटेल-रेस्टॉरंटांना आहे, सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल तसाच आहे.

करांचं गणित सोपं आहे, पण घोळ इथेच होतात. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे. परमिट रूममध्ये तो नोव्हेंबर 2023 पासून 10 टक्के. खाण्यावर आणि सोड्यावर जीएसटी, साधारणपणे 5 टक्के. समजा दारू 840 ची आणि खाणं 500 चं. व्हॅट 84, जीएसटी 25, एकूण 1,449. काही ठिकाणी 5 टक्के सरसकट 1,340 वर लावतात, मग 25 च्या जागी 67 होतात. बेचाळीस रुपयांसाठी कोण भांडतो, या हिशेबावरच ते चालतं. बिलात खाणं आणि दारू वेगळी दाखवायला सांगा. काही बारमध्ये कार्डावरचा भाव करासहित असतो, तेही आधी विचारून घ्या.

सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये कायम ठेवली. ‘काढून टाका’ असं शांतपणे सांगा, आणि वेटरला द्यायचे ते हातात द्या. बिलावर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक आहे का तेही बघा, 2022 पासून तो छापणं बंधनकारक आहे.

पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत (जिथे बिअर तिथेच बनवून विकतात) बिअरला लोण्यासारखा वास आला. मित्र म्हणाला, ‘असाच असतो क्राफ्ट बिअरला.’ खरं का? (वाचक, बाणेर)

नाही. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास डायअसेटिल नावाच्या रसायनाचा. आंबवताना यीस्ट तो तयार करतं आणि पुरेसा वेळ दिला तर तेच शोषूनही घेतं. घाईने थंड केली की वास उरतो. दुसरं कारण म्हणजे नळीत साचलेले जिवाणू.

दोष कोणाचा ते असं ओळखा. त्याच नळाचा आणखी एक ग्लास घ्या, मग दुसऱ्या नळाची वेगळी बिअर थोडी चाखायला मागा. एकाच बिअरला वास असेल आणि प्रत्येक ग्लासात तितकाच असेल, तर बहुधा टाकीतला दोष. अनेक बिअरना थोडा थोडा येत असेल, किंवा दिवसाच्या पहिल्या ग्लासात जास्त आणि नंतर कमी, तर नळ्या धुतलेल्या नाहीत. त्या दोन आठवड्यांतून एकदा तरी रसायनाने धुवायच्या असतात. ‘शेवटचं कधी केलंत?’ असं हसून विचारा. ज्यांनी केलंय ते तारीख सांगतात.

व्हिनेगरसारखा आंबटपणा असेल तर नळाचं तोंड पाहा. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर जुनी झाली किंवा तिला हवा लागली. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीला उग्र, नकोसा वास आला तर तिने उजेड खाल्लाय, काउंटरवरच्या ट्यूबलाइटखालच्या फ्रिजमध्ये हे हमखास होतं. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, बिअरला दोष देऊ नका. आणि गव्हाच्या बिअरमध्ये केळं-लवंगेचा वास, गढूळपणा हे तिचे गुण आहेत. त्यासाठी गुण कापणारे परीक्षक बरेच दिसतात.

एका संध्याकाळी किती बार ‘करता’ येतात? (वाचक, नाशिक)

दोन. तिसऱ्याचं टिपण विश्वासाचं नसतं.

आकडे बघा. व्हिस्की साधारण 42.8 टक्के. तिच्या 30 मिलीत सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल. 650 मिलीच्या 5 टक्के बिअरमध्ये सुमारे 26 ग्रॅम. 8 टक्के स्ट्राँगच्या बाटलीत सुमारे 41, म्हणजे चार छोटे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याला हे सांगून बघा! शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढतं. म्हणून प्रत्येक बारमध्ये एक छोटा पेग किंवा पाइंट, सोबत पाणी, आणि खाणं आधी. टिपणं तिथेच करा, सकाळी आठवून नाही. गाडी घरी ठेवा. मोटार वाहन कायद्यातली मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम आहे, पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

परमिट खरंच लागतं का? बारमध्ये तर कुणी विचारत नाही. (वाचक, कल्याण)

कायद्याने लागतं. नावच त्यावरून पडलंय: 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा, म्हणून ‘परमिट रूम’. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी 5 रुपये, देशीसाठी 2. वय कडक दारूसाठी 25, सौम्य बिअर आणि वाइनसाठी 21. कार्ड काढून खिशात ठेवा, विशेषतः वारंवार जाणार असाल तर.

आम्ही दोघी मैत्रिणी लिहितो. जागा कशी निवडावी? (वाचक, दादर)

पाटी वाचा. ‘ऑर्केस्ट्रा’ किंवा ‘लेडीज सर्व्हिस’ असेल तर तो वेगळा धंदा आहे. ‘फॅमिली’ किंवा एसी मजला वेगळा असेल तर आधी वर जाऊन पाहा: बायका बसल्यात का, आणि बायकांचं स्वच्छतागृह वेगळं आहे का. ते गोदाम म्हणून कुलूपबंद असेल तर टिपणात नक्की लिहा. पहिल्यांदा सातच्या सुमारास जा, गल्ल्याजवळचं टेबल घ्या.

मे महिन्यात गोव्यात होतो, तावेर्नमध्ये (तिथल्या छोट्या दारूच्या गुत्त्यात) उराक प्यायलो. ऑक्टोबरात परत गेलो तर नाही म्हणाले. का? (वाचक, सावंतवाडी)

कारण उराक हंगामी. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उराक, ते पुन्हा गाळलं की फेणी. उराक सौम्य, टिकत नाही, म्हणून काजूचा हंगाम सरला की संपतं. मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू सोडा घालून प्यायचं. ऑक्टोबरात फेणी मागा. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तावेर्नचं टिपण करताना दारू कुठल्या गावच्या भट्टीची ते विचारा, तिथे ब्रँडपेक्षा ते महत्त्वाचं. दुपारी बरीच तावेर्न बंद असतात, अकराला जा.

टीका केली म्हणून मालकाने ‘केस टाकतो’ असा फोन केला. काय करावं? (वाचक, पनवेल)

मजकूर पुन्हा वाचा. ‘इथे लुटतात’ हे मत नाही, आरोप आहे. ‘14 तारखेच्या बिलात दारूवरही 5 टक्के जीएसटी लावला होता’ ही वस्तुस्थिती आहे, आणि बिल जवळ असेल तर घाबरायचं कारण नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामी गुन्हा आहे, पण लोकहितासाठी सांगितलेलं सत्य अपवाद आहे. ‘खाऊन आजारी पडलो’ हे लिहू नका, कारण दुपारी काय खाल्लं होतं ते कोण सांगणार? माप कमी वाटलं तर वैधमापन विभागाकडे, खाण्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे, सील किंवा दारूची शंका राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे. तक्रार आधी, लिखाण नंतर.

फोटोत दुसऱ्या टेबलावरचा एकही चेहरा येता कामा नये. परमिट रूममध्ये बसलेल्या अर्ध्या माणसांनी घरी ‘ऑफिसात उशीर होईल’ असं सांगितलेलं असतं. फुकट क्वार्टर घेतली असेल तर तेही लिहा, पहिल्याच ओळीत.